सर्व्हर चालू आहे, बाकी सगळं बंद

‘टॉमकॅट ९ वरून १०.१ वर जायचंय, तासाभराचं काम आहे,’ असं मीटिंगमध्ये जो म्हणतो, तो त्या तासात जागेवर सापडत नाही. पण तो खोटंही बोलत नसतो. टॉमकॅट म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर. त्याची नवी झिप उतरवा, उघडा, मशीनवर जावा ११ किंवा त्यापुढचं आहे ना ते बघा आणि स्टार्टअप स्क्रिप्ट चालवा. लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीच्या, तळाशी ‘सर्व्हर स्टार्टअप इन’ अमुक मिलिसेकंद अशी ओळ उमटते. सर्व्हर चालू. त्यावरची ॲप्लिकेशन्स बंद, पण त्यांचा विषय मीटिंगमध्ये निघालाच कुठे होता?

ही ओळ फार निर्ढावलेली आहे. वर एक्सेप्शनचा, म्हणजे चालताना झालेल्या चुकांच्या नोंदींचा, खच पडलेला असला तरी ती तेवढ्याच उत्साहाने छापून येते. त्या खचात शोधलं की कळतं, एक किंवा अधिक लिसनर (ॲप्लिकेशन सुरू होताना चालणारे कोडचे तुकडे) सुरू झाले नाहीत, संपूर्ण तपशील योग्य त्या लॉग फाइलमध्ये मिळेल. अरे, मी आत्ता लॉग फाइलच वाचतोय ना! चुकीच्या खिडकीसमोर अर्धा तास रांग लावल्यावर आतला माणूस मान वर न करता ‘शेजारी विचारा’ म्हणतो, तसला हा प्रकार. शेजारी लोकलहोस्ट नावाची, तारखेचं शेपूट लावलेली फाइल असते. खरं रडगाणं तिथे.

रडगाण्याचं ध्रुवपद एकच, ‘जावॅक्स डॉट सर्व्हलेट’ हे वेब ॲप्लिकेशनला लागणारं कोडचं पॅकेज सापडत नाही. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई, म्हणजे जावाचा मोठ्या ॲप्लिकेशन्ससाठीचा संच, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण नावावरचा हक्क काही सोडला नाही. म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळ्या पॅकेजेसचं ‘जावॅक्स’ जाऊन ‘जकार्ता’ झालं, आणि टॉमकॅट १० पासून हेच नवं नाव लागतं. हे ऐकताच टीममधल्या सगळ्यात उत्साही मुलाचे डोळे चमकतात. ‘सर, फाइंड-रिप्लेस मारू का सगळीकडे?’

नको रे बाबा! कारण ‘सगळ्या’ म्हणजे सगळ्या नव्हेत. ‘जावॅक्स डॉट एसक्यूएल’, ‘नेमिंग’, ‘क्रिप्टो’ ही मंडळी जेडीकेची, म्हणजे खुद्द जावाच्या मूळ संचातली, ती जागची हललेली नाहीत. ‘ट्रान्झॅक्शन’ गेलं, पण त्याच्या पोटातलं ‘एक्सए’ मागेच राहिलं. हा हिशोब ज्याने लावला त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण त्याच्याशी बोलायची इच्छा नाही. सुदैवाने ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाच्या फोल्डरमध्ये जुनी वॉर फाइल (ॲप्लिकेशनचं अख्खं गाठोडं) ठेवली, की सर्व्हर स्वतःच तिचं रूपांतर करून घेतो. ही सोय करणाऱ्याचं भलं होवो.

पण कोड हा त्यातल्या त्यात शहाणा. खरा घोळ सेटिंग्जमध्ये. जुनी ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’ ही सेटिंग्जची मुख्य फाइल उघडली की नोकरी सोडून गेलेल्या सगळ्यांची भेट होते. कनेक्टरवर (बाहेरच्या विनंत्या घेणाऱ्या भागावर) ‘तात्पुरतं, नंतर काढणे’ अशी कॉमेंट, आणि खाली तीच ओळ आजवर अख्खी सिस्टम तोलून धरत असलेली. ती नव्या फाइलमध्ये आली नाही, की पत्त्यात उभी रेघ असलेली प्रत्येक लिंक ४०० एरर देते. फॉर्मच्या आकाराची मर्यादा मूळच्या २ एमबीवर परत येते, आणि त्याहून मोठा फॉर्म भरून पाठवला तर तो पलीकडे चक्क कोरा पोचतो. आरडाओरडा नाही, काही नाही. मला ओरडणारी एरर परवडते, ही सोशिक जात नको.

डेटाबेसची तऱ्हा आणखी निराळी. डेटासोर्सची, म्हणजे डेटाबेसशी कसं जोडायचं याची, नोंद मागे राहिली, तर ‘नल’ या पत्त्यासाठी ‘’ या नावाचा ड्रायव्हर तयार करता येत नाही, असा निरोप येतो. दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही. नाव नाही, गाव नाही, आणि शोधायला मी! नोंद सापडून जागेवर लावली, तर ड्रायव्हरची (डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडची) जार फाइल जुन्या ‘लिब’ फोल्डरमध्ये सुखाने पडलेली असते.

आपल्या सेटिंग्ज सर्व्हरच्या फोल्डरबाहेर, ‘कॅटालिना बेस’ म्हणून वेगळ्या ठेवाव्यात, असं टॉमकॅटसोबत येणाऱ्या ‘रनिंग’ फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. ती फाइल वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय.

राहता राहिली कॉन्टेक्स्टची, म्हणजे एकेका ॲप्लिकेशनच्या सेटिंग्जची, फाइल. तिच्यात पाथ (ॲप्लिकेशनचा वेबवरचा पत्ता) काहीही लिहा, सर्व्हर तिकडे बघत नाही. फाइलचं नाव हाच पाथ, आणि मुख्य पानाचं ॲप्लिकेशन हवं तर फाइलचं नाव ‘रूट’, तेही कॅपिटलमध्ये. ती जागेवर नसेल तर टॉमकॅट तिथे स्वतःचं स्वागताचं पान लावतो. तिची पाळी यायच्या आतच अकाउंट्सच्या मॅडमचा मेसेज आला, ‘सिस्टम उघडली तर इंग्रजीत अभिनंदन म्हणतेय. कशाबद्दल?’