लॅव्हनमची वाकडी घरं आणि व्हॉट्सअ‍ॅपची सरळसोट गोष्ट

एका इंग्लिश खेड्याच्या वाकड्या घरांचे फोटो आणि खाली ‘हे तुम्हाला माहीत आहे का?’ अशी पाच-सहा वाक्यं. हा मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो. गाव आहे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफक परगण्यातलं लॅव्हनम, वस्ती जेमतेम सतराशेच्या आसपास. फोटो खरे आहेत. काही घरं एवढी कललीत की शेजारच्याच्या खांद्यावर मान टाकून झोपल्यासारखी वाटतात. खालचा मजकूर मात्र बहुतेक ऐकीव आहे, आणि शेवटचं वाक्य तर खास आपल्याला टोमणा म्हणून घातलेलं. त्याच्याकडे येतोच. आधी लाकडाचं बघू.

मेसेजच्या म्हणण्यानुसार ही घरं मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडांतून बांधली, काही तर १५८८ साली इंग्लंडवर चालून आलेल्या आणि फुटलेल्या स्पॅनिश आरमाराच्या. नुसती सालं ताडून पाहिली तरी पुरे. गावच्या चौकातला गिल्डहॉल, म्हणजे तिथल्या संघाचं सभागृह, १५३० च्या आसपासचा. त्याच चौकातलं लिटल हॉल हे घर मुळात चौदाव्या शतकाच्या अखेरचं. आरमार निघायच्या कितीतरी आधी ही घरं उभी होती. शिवाय त्या आरमाराची बरीचशी जहाजं फुटली आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर, म्हणजे सफकच्या पार उलट्या दिशेला. लॅव्हनम तर समुद्रकाठचं गावही नाही. रानात ओक असताना जहाजाची अवजड लाकडं गाड्यांवर लादून कोण आणेल?

तरीही ही समजूत मरत नाही, कारण तुळयांवर रिकाम्या खाचा आणि भोकं दिसतात आणि पाहुण्याला वाटतं, हे दुसऱ्या कशाचं तरी लाकूड. काही वेळा ते दुसऱ्या कशाचं असतंही, पण दुसऱ्या घराचं. चांगलं लाकूड महाग; जुनं घर पाडलं की त्याचे वासे नव्यात जायचे, आपल्याकडे वाड्यांचं लाकूड जातं तसेच. बाकीच्या खाचा म्हणजे पूर्वी तिथे असलेल्या कुडाच्या भिंतीच्या खुणा. हो, कुडाचीच: काठ्या विणायच्या आणि वर माती, शेण, गवताचा गिलावा. ती भिंत काढली की तुळईत नुसती भोकं उरतात. वाकड्या तुळयांचं कारण त्याहून साधं आहे. वाकडं वाढलेलं झाड सुतार मुद्दाम निवडत आणि मधोमध कापून त्याचे जुळे तिरके आधार करत. सांध्यांवर रोमन आकडे कोरलेले सापडतात. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचा, आकडे घालायचे, सुटा करायचा आणि जागेवर नेऊन उभा करायचा. हे नव्या, मापात तासलेल्या लाकडाचं काम आहे.

जिथे खरोखर जहाजाचं लाकूड वापरलं, तिथे जहाजाचं नावही ठाऊक आहे. हॅम्पशरमधल्या विकम गावची पाणचक्की १८२० मध्ये ‘चेसापीक’ या लढाऊ जहाजाच्या लाकडांतून बांधली. लंडनमधल्या लिबर्टी या दुकानाची १९२४ ची इमारत ‘इम्प्रेग्नेबल’ आणि ‘हिंदुस्तान’ या जहाजांतून झाली. ती दिसते लॅव्हनमच्या घरांसारखी, पण आहे त्यांच्याहून जवळजवळ चारशे वर्षांनी लहान.

पुढचा मुद्दा: घरं वाकडी, कारण बांधणारे घाईत होते. हा त्या सुतारांवर सरळ अन्याय आहे. आपल्याकडे साग मुरवल्याशिवाय वापरू नये म्हणतात, म्हणून ओलं लाकूड वापरणं आपल्याला आळस वाटेल. पण ओक वाळला की त्यात छिन्नी घुसता घुसत नाही. म्हणून तो ओलाच तासायचा, एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खोबणीत बसवायची आणि वरून लाकडी खुंटी ठोकायची. पुढे लाकूड सुकतं, आकसतं, पीळ घेतं. सांधा मात्र आवळत जातो. त्यात नंतरच्या पिढ्यांनी मधेच विटांची धुराडी घुसवली, कुणी दारासाठी तिरका आधार कापला, कुठे पायथ्याची आडवी तुळई कुजली. एवढं होऊनही पाचशे वर्षं घर कललेल्या स्थितीत उभं आहे. अशा सुताराला घाईचा म्हणायचं?

मेसेज पुढे म्हणतो, वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला असतो तो कर वाचवायला, कारण म्हणे कर तळमजल्याच्या जागेवरच लागायचा. इंग्लंडात असा कर नव्हता. खिडक्यांवर होता, १६९६ ते १८५१, आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या बुजवल्याही. बहुधा त्याचीच ही सरमिसळ. पुढे काढलेल्या मजल्याला लाकूड जास्त लागतं, म्हणजे तो ऐपतीचा देखावा होता. वर खोली थोडी मोठी मिळायची तो वेगळा फायदा.

दारं ठेंगणी, म्हणून माणसं ठेंगणी? १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यावरच्या खलाशांच्या सांगाड्यांवरून सरासरी उंची सुमारे ५ फूट ७ इंच निघते. लॅव्हनमच्या दारात त्यांनाही वाकावंच लागलं असतं. दारं ठेंगणी, कारण उंच मोकळ्या दालनांत नंतर मधले मजले घातले गेले, रस्ते आणि जमिनी चढत गेल्या, आणि थंड मुलखात मोठं दार म्हणजे ऊब बाहेर घालवणं.

काळ्या तुळया आणि पांढऱ्या भिंती ही ‘मूळची’ रंगसंगती बरीचशी एकोणिसाव्या शतकातली हौस. या भागात ओक उघडा ठेवला तर रुपेरी करडा होतो, नाहीतर भिंतीबरोबर त्यालाही चुना फासत.

आता शेवटचं वाक्य. इंग्रजांनी पाचशे वर्षं वारसा जिवापाड जपला, आणि आपण बघा! तर हे गाव टिकलं कसं ते ऐका. लॅव्हनम निळ्या लोकरी कापडावर श्रीमंत झालं, इतकं की १५२४ च्या कराच्या यादीत ते देशातल्या सर्वांत धनाढ्य गावांत होतं. चर्चचा ४३ मीटरचा मनोरा कापडव्यापाऱ्यांच्या, विशेषतः स्प्रिंग घराण्याच्या, पैशाचा. १५२५ मध्ये आठव्या हेन्रीच्या नव्या वसुलीविरुद्ध हजारो माणसं इथे जमली आणि राजाला ती मागे घ्यावी लागली. मग कोलचेस्टरला आलेल्या डच निर्वासित विणकरांनी हलकं, स्वस्त कापड काढलं आणि लॅव्हनमचा धंदा बसला. इतर गावांत पैसेवाल्यांनी जुनी घरं पाडून किंवा पुढे विटांचा दर्शनी भाग चढवून फॅशन सांभाळली. इथे बहुतेकांकडे त्याला पैसेच नव्हते. गिल्डहॉलचा पुढे तुरुंग झाला, मग गरिबांचं श्रमगृह. ज्यांनी तो तसाच ठेवला त्यांच्या मनात वारसा वगैरे काही नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर इथली वूल हॉल ही जुनी इमारत सुटी करून राजकन्या लुईझसाठी दूर बर्कशरात न्यायचं ठरलं होतं. लोकांनी गदारोळ केला म्हणून ती वाचली. आज ती एका हॉटेलचा भाग आहे. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी कलावंत-लेखक विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्था काढली होती हे खरं, पण १९१३ च्या स्मारक कायद्यातून राहती घरं वगळलेली होती. अशा घरांची यादी करून त्यांना संरक्षण देणारे नियोजन कायदे आले १९४४ आणि १९४७ मध्ये. दुसऱ्याला मंजुरी मिळाली त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आपल्या स्वातंत्र्याच्या नऊ दिवस आधी.