'त्या पोरींना कंपनीनेच बसवलंय' म्हणे

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला. लंडनच्या द लास्ट डिनर पार्टी या पाच जणींच्या बँडचा फोटो आणि खाली हातभर मजकूर, की या पोरी कुठून वर वगैरे आलेल्या नाहीत, म्युझिक कंपनीने निवडून, नटवून स्टेजवर उभ्या केल्यात, एकही गाणं आलेलं नसताना रोलिंग स्टोन्ससारख्या जगप्रसिद्ध बँडच्या कार्यक्रमात वाजवायला मिळतं म्हणजे सेटिंगच, गाणी मागून पुरुष लिहून देतात, सगळ्या श्रीमंताघरच्या, आणि एकूणच मुलींचा रॉक बँड स्वतःच्या जिवावर कधी वर आलेलाच नाही. वर दादाची एक ओळ, 'ज्यांना वाचायला हवं त्यांनी वाचा.'

ज्यांना म्हणजे त्याच्याच मुलीला. माझी भाची बेस गिटार वाजवते, बँडमध्ये अजून तिघी आहेत, रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे आमची आंब्याची शेड आहे तिथे प्रॅक्टिस करतात, कारण सीझन संपला की ती रिकामीच असते. खाऱ्या हवेने तारा महिन्याभरात काळ्या पडतात आणि बेसचा नवा सेट दोन हजारांच्या पुढे, म्हणून ही पोरगी तारा सोडवून टोपात पाण्यात उकळते, एकेक तार फडक्याने कोरडी पुसते आणि परत चढवते, की मग थोडे दिवस आवाज खणखणीत येतो. फॉरवर्ड आला तेव्हा ती तेच करत होती. वाचलं, फोन उलटा ठेवला आणि गॅस बंद केला, तारा तशाच पाण्यात. मला राग आला तो तिथे.

तर आधी ते 'गाणंच नव्हतं'. या बँडने पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि पहिलं गाणं रिलीज केलं एप्रिल २०२३ मध्ये. मधले सतरा महिने काय घरी बसल्या होत्या का? लंडनच्या पबमधून वाजवत होत्या. ब्रिक्स्टनला विंडमिल नावाचा पब आहे, दीडेकशे माणसात भरतो एवढाच, तिथूनच ब्लॅक मिडी, स्क्विड असले बँड पुढे आले. लू स्मिथ म्हणून एक माणूस तिथे येणाऱ्या बँडचं शूटिंग वर्षानुवर्षं करतोय आणि यूट्यूबवर टाकतोय. या पोरींचेही व्हिडिओ त्याच्याकडे आहेत, पहिलं गाणं निघायच्या आधीचे. दादा, फॉरवर्ड ढकलायच्या आधी ते दहा मिनिटं बघितले असतेस तरी पुरे होतं. रोलिंग स्टोन्सचा लंडनच्या हाइड पार्कमधला कार्यक्रम जुलै २०२२ चा, म्हणजे या सतरा महिन्यांच्या मधलाच. गाणं रिलीज झालेलं नसणं आणि गाणं नसणं यात फरक आहे की नाही? आपल्याकडे डबलबारीच्या, म्हणजे भजनाच्या सामन्याच्या, बुवाची कॅसेट निघायच्या आधी दहा गावं त्याला ओळखत असायची, तेव्हा कोणी म्हटलं नाही की बुवाला कंपनीने बसवलाय.

कंपनीचा करार पहिल्या गाण्याच्या आधी झाला होता, हे खरं. पण करार झाला तो पबमधलं वाजवणं लोकांनी बघितल्यावर. क्रम उलटा करून सांगितला की सगळंच कटकारस्थान वाटतं.

आता पुरुष गाणी लिहून देतात ते. हे सगळ्यात घाणेरडं आहे, कारण याला कसलाच आधार लागत नाही, नुसतं म्हटलं की झालं, आणि मग पोरगी कितीही चांगली वाजवू दे, ऐकणारा तिच्या मागे कोण उभा आहे तेच शोधत बसतो. गाण्यांवर नावं याच पाच जणींची आहेत. पहिल्या अल्बमचा प्रोड्यूसर, म्हणजे स्टुडिओत रेकॉर्डिंग घडवून आणणारा, जेम्स फोर्ड, पुरुष, मान्य. हाच माणूस आर्क्टिक मंकीज या पोरांच्या बँडचे अल्बम करतो, आणि ती गाणी त्या पोरांची नाहीत असं मी आजवर एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. मग इथेच का? लीड गिटारवाली एमिली रॉबर्ट्स बासरी आणि मेंडोलिनही वाजवते. कीबोर्डवाली अरोरा निशेवची मूळची कोसोवोच्या अल्बेनियन घरातली, आपल्याला आपलीच भाषा नीट बोलता येत नाही याचं तिचं एक गाणं त्या अल्बममध्ये आहे, तेही अल्बेनियनमध्ये. पोरी विकायला बसलेली कुठली कंपनी असलं गाणं लिहून देईल?

श्रीमंतीचं अर्धं खरं आहे. गायिका ॲबिगेल मॉरिस महागड्या बोर्डिंग शाळेत शिकलेली आहे, आणि पैसा असला की भाड्याची चिंता न करता वर्षभर पबमधून वाजवता येतं, हे मलाही पटतं. त्यावर बोलायचं तर बोलूया, पण पैसेवाल्या घरच्या पोरांचे बँड काय थोडे आहेत? तिथे कधी फॉरवर्ड येत नाही.

आणि 'कधी वर आलेलाच नाही'? द गो-गोज. १९७८ साली लॉस एंजेलिसच्या पंक क्लबांमधून सुरुवात, पाच जणी, गाणी स्वतःची, वाजवणं स्वतःचं. १९८१ चा त्यांचा पहिला अल्बम मार्च १९८२ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत एक नंबरला गेला आणि सहा आठवडे तिथे राहिला. त्याच्याही आधीचा द रनअवेज हा मुलींचा बँड जमवण्यात किम फाउली या पुरुषाचा हात होता, हेही सांगते, लपवत नाही. पण त्यातल्याच जोन जेटला पुढे तेवीस कंपन्यांनी नाही म्हटलं, तेव्हा तिने स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली. हे जिवावर नाही तर काय?

कपड्यांबद्दल मी काही लिहीत नाही. कोणी काय घालून वाजवावं हा मुद्दाच नाही.

दादा, तारा मी पुसून ठेवल्यात, चढवायच्या तिनेच. रविवारी चार वाजता प्रॅक्टिस आहे. शेडची चावी तुझ्याकडेच असते, तर या वेळी ती माझ्या हातात न देता तूच घेऊन ये, आणि आत थांब.