वाढलेली जिलबी परत कशी करावी

मराठी माणसाला जास्त खर्च केल्याबद्दल बोलणी खायची सवय असते. जास्त बचत केली म्हणून दंड भरायचा, हे शिकायला मात्र अमेरिकेत यावं लागतं. रॉथ आयआरए, म्हणजे कर भरलेले पैसे ठेवायचं निवृत्तीचं खातं. त्यात हक्कापेक्षा जास्त पैसे पडले की त्या जादा रकमेवर सहा टक्के. तेही एकदाच नाही. पुढच्या ३१ डिसेंबरला ती तिथेच दिसली, तर पुन्हा सहा टक्के. तांदळाच्या डब्यात नोटा लपवणाऱ्या आजीला हे सांगून बघा, आधी ती तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघेल.

चूक बहुधा उत्साहातून होते. जानेवारीतच २०२५ चे ७,००० डॉलर भरून आपण मोकळे होतो. मग पगार, त्यावर बोनस, त्यावर कंपनीचे शेअर, आणि पुढच्या वर्षी डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा दाखला, हातात आल्यावर कळतं की दोघांचं मिळून उत्पन्न २,४१,००० झालं. २०२५ साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचा रॉथमधला हक्क २,३६,००० पासून आक्रसतो आणि २,४६,००० ला शून्य होतो. आपण बरोब्बर मध्यावर, म्हणजे हक्क निम्मा. ३,५०० आपले, ३,५०० जादा. (एका छपराखाली राहून नवरा-बायको वेगवेगळं रिटर्न भरत असतील, तर हा हक्क १०,००० च्या उत्पन्नालाच संपतो. रिटर्नवरून अबोला धरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे वेबसाइटवर जाऊन साधं 'पैसे काढा' दाबणं. खातं सांभाळणारा ब्रोकर ती साधी उचल म्हणून नोंदवतो आणि जादा भरणा कागदोपत्री जागच्या जागी राहतो. जादा भरणा काढण्याचा ब्रोकरकडे वेगळा फॉर्म असतो. तोच मागायचा, आणि त्यात भरणा कुठल्या वर्षासाठी होता, कुठल्या तारखेला केला, किती जादा, हे लिहायचं.

पंगतीत जास्तीची जिलबी परत करायची, तर तिने ताटात सोडलेला पाकही, म्हणजे त्या पैशावरची वाढही, परत करावा लागतो. पाक किती, हे त्या जिलबीवरून नाही, सगळ्या ताटावरून ठरतं. भरण्याआधी खात्यात १३,००० होते, ७,००० टाकले, झाले २०,०००. आज २२,००० आहेत, म्हणजे वाढ दहा टक्के. मग ३,५०० वर पाक ३५०, परत घ्यायचे ३,८५०. तुमचे ७,००० गुंतवणुकीविना नुसते पडून होते, हा युक्तिवाद कोणी ऐकत नाही. बाजार पडला असेल तर मात्र परत कमी येतात.

करपात्र फक्त ते ३५०, आणि तेही भरणा केला त्या वर्षात, २०२५ मध्ये. फॉर्म १०४० वर, म्हणजे रिटर्नवर, ४ए मध्ये ३,८५०, ४बी मध्ये ३५०. यावरचा, निवृत्तीआधी पैसे काढल्याचा दहा टक्के दंड २०२२ च्या कायद्याने गेला, एवढी दया. पैसे २०२६ मध्ये काढले, तर त्या उचलीचा दाखला, १०९९-आर, येतो जानेवारी २०२७ मध्ये. थोडक्यात, लग्न पुढच्या वर्षी आणि बारसं यंदा. त्या कागदावर सातव्या चौकटीत पी आणि जे असतात. पी म्हणजे 'पूर्वीचं', असं मराठीत लक्षात ठेवावं आणि ते ३५० पुन्हा २०२६ च्या उत्पन्नात घालू नयेत.

मुदत १५ एप्रिल २०२६. रिटर्न वेळेत भरलेलं असेल, तर १५ ऑक्टोबरपर्यंत सवलत आहे. मग १०४०-एक्स हे सुधारित रिटर्न भरून दुरुस्ती करायची आणि माथ्यावर नियम ३०१.९१००-२ चा उल्लेख करायचा. हा आकडा 'श्री' लिहावा तसा वर, ठळक.

पैसे बाहेर काढायचे नसतील, तर त्याच मुदतीत ते पाकासकट पारंपरिक आयआरएत, म्हणजे जिथे कर काढताना लागतो त्या खात्यात, वळवता येतात. या उत्पन्नाला, कंपनीत ४०१के ही निवृत्ती योजना असेल तर, त्याची वजावट मिळत नाही, म्हणून अशा कर भरलेल्या पैशांची नोंद ठेवणारा फॉर्म ८६०६ मागे लागतो. मला हा मार्ग पारंपरिक खातं आधी रिकामं असेल तरच आवडतो. नाहीतर पुढे प्रत्येक उचलीत कर भरलेले आणि न भरलेले पैसे प्रमाणात वेगळे करत बसावं लागतं.

आणि ऑक्टोबरही उलटला तर? मग नुसते ३,५०० काढायचे, पाक खात्यातच राहतो! आळशी माणसाला हे ऐकून आनंद होतो. तो सहा टक्के दंडाच्या फॉर्म ५३२९ चा चौथा भाग भरेपर्यंत टिकतो. वेळेवर आलेल्याने ३५० वर चोवीस टक्के दराने ८४ डॉलर कर भरला. या आळशाला २०२५ चे २१० बसले, आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पैसे हलले नाहीत, तर आणखी २१०.