काका, निदान अँगल कॉक कुठे आहे ते तरी घरात सगळ्यांना कळू द्या

काका, नमस्कार.

वडिलांच्या वयाचा आहे असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. सिंक आणि नळ घरीच बदलल्याचा माझा लेख वाचून तुम्ही जे लिहिलंत ते काल रात्री वाचलं आणि आज सकाळी पुन्हा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातला मुख्य भाग सांगते. काकांनी पुण्यात 30 वर्षं इमारतींच्या देखभालीचं काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की असले लेख वाचून कोणीही पाना हातात घेतं आणि खालच्या शेजाऱ्याच्या छताला ओल येते. 600-700 रुपये वाचवायला आपण एका कष्टकऱ्याची मजुरी बुडवतो. कनेक्शन पाइपला, म्हणजे नळाला पाणी पोचवणाऱ्या लवचिक नळीला, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणं साफ चूक आहे. सिंकच्या काठाला व्हाइट सिमेंट सोडून सिलिकॉन लावणं म्हणजे फॅड. आणि एवढा घाट घालायचाच होता तर ओढून बाहेर येणारा स्प्रेचा नळ का नाही घेतला? चुंबक चिकटत नाही हे बघून 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं सिंक निवडलं, तेवढंच काय ते त्यांना आवडलं.

टेफ्लॉनचं तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. कनेक्शन पाइपच्या नटात रबराचा वॉशर असतो. तो नीट दाबला गेला की पाणी अडतं, आट्यांवर काही अवलंबून नसतं. तिथे टेफ्लॉन गुंडाळलं तर नट पुरता बसत नाही आणि जबरदस्तीने बसवायला गेलं की वॉशर चिरतो. टेफ्लॉन लागतं ते अँगल कॉकच्या, म्हणजे ओट्याखाली पाणी बंद करायच्या छोट्या कॉकच्या, भिंतीत जाणाऱ्या आट्यांना, कारण तिथे वॉशर नाही. ते वाक्य सकाळीच दुरुस्त केलं.

पण जे तुम्हाला आवडलं, ते चुंबकाचं, तेही मला मागे घ्यायचं आहे. 202 ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं, पण चुंबकाला दोन्ही सारखीच. उलट चांगल्या 304 च्या सिंकच्या कोपऱ्यांवर, जिथे पत्रा ओढून वळवलेला असतो, तिथे चुंबक किंचित धरतोसुद्धा. म्हणजे माझी परीक्षा काही कामाची नव्हती. ग्रेड सिंकवर कोरलेली बघावी आणि दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावी. सियागंजात मी तसं बिल घेतलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर मीठ-चिंचेच्या भांड्यांनी 202 वर बारीक खड्डे लवकर पडतात.

आता ओलीचं. ही भीती खोटी नाही, मी स्वतः ती अनुभवली आहे. माझं माहेर इथेच इंदूरला, रामबागेत. जुनं घर, भिंतीतून गेलेली जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची लाइन. चार वर्षांपूर्वी आईच्या स्वयंपाकघरातला भिंतीवरचा नळ गळत होता, तो बदलायला मी पाना लावला. पहिल्यांदा हललाच नाही. जोर लावल्यावर एकदम मऊ झाल्यासारखा फिरला, मला वाटलं सुटला. हातात नळ आला आणि नळाबरोबर गंजलेल्या निपलचं, म्हणजे नळ आणि लाइन जोडणाऱ्या आट्यांच्या छोट्या तुकड्याचं, अर्धं कडं आलं. उरलेलं अर्धं भिंतीत. पाणी थेट छातीवर. बाबा गच्चीवर धावले तर तिथला व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम. शेवटी त्यांनी लाकडाची खुंटी फडक्यात गुंडाळून ठोकली आणि आम्ही रात्री 9 पर्यंत प्लंबरची वाट बघत बसलो.

ते प्लंबर भैया आले. त्यांनी हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरून त्या तुटक्या निपलला आतून दोन चिरा पाडल्या, बारीक छिन्नीने तो तुकडा आतल्या बाजूला वळवला आणि भिंतीतल्या एल्बोच्या (कोपऱ्याच्या जोडाच्या) आट्यांना धक्का न लावता बाहेर काढला. पाऊण तास मी टॉर्च धरून उभी होते. टेफ्लॉन कोणत्या बाजूने गुंडाळायचं तेही त्यांनीच शिकवलं: आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचं, म्हणजे बसवताना पट्टी उलगडत नाही, आणखी आवळते.

म्हणून तुमच्या आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. भिंतीत जुनी जीआयची लाइन असेल तर हात लावू नये. लेखात हे मी शेवटी एका ओळीत उरकलं होतं, ते सगळ्यात वर असायला हवं होतं. आता तसं केलं आहे. ग्रॅनाइट कापायचं कामही आम्ही केलेलं नाही. जुन्या कटआउटमध्ये बसणारं 24 बाय 18 इंचांचंच सिंक शोधलं, त्यासाठी तीन दुकानं फिरलो.

पण आमच्या आत्ताच्या घरात सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपची लाइन आहे, ओट्याखाली अँगल कॉक आहे आणि नळ सिंकच्या भोकातून वर आलेला आहे. इथे भिंतीला हातच लागत नाही. तरी एका ठिकाणी फसले असते, ते सांगायलाच हवं. इंदूरच्या बऱ्याच घरांसारख्या आमच्याही दोन टाक्या आहेत, एक नर्मदेहून येणाऱ्या नळाच्या पाण्याची, एक बोरिंगची. अँगल कॉक क्षारांनी अर्धवट अडकला होता, म्हणून वरून नर्मदेचा व्हॉल्व्ह बंद केला. खाली येऊन नळ सोडला तर धार तशीच! मधल्या जोडणीतून बोरिंगचं पाणी येत होतं. व्हॉल्व्ह बंद केल्यावर नळ उघडून धार पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं आणि मगच पाना लावायचा, हे तेव्हापासून मी वहीत लिहून ठेवलं आहे.

ओल कळायची तपासणीही नीट लिहायला हवी होती. सगळं बसवल्यावर ओट्याखाली कोरडं वर्तमानपत्र पसरायचं, प्रत्येक जोडाला टिश्यूचा कागद गुंडाळायचा. सिंक काठोकाठ भरायचं आणि एकदम सोडायचं, कारण बारीक धारेत न गळणारा सिंकच्या जाळीखालचा जोड भरल्या वजनाला गळतो. आमचा टिश्यू जाळीखालच्या नटाजवळ नाण्याएवढा ओला झाला. नट सोडला, वॉशर तिरका बसला होता, सरळ केला, पुन्हा भरलं. तीन वेळा भरून कागद कोरडा राहिला तेव्हा कपाटात डबे ठेवले. काका, कामाला प्लंबर असो की घरची बाई, ही तपासणी केल्याशिवाय कोणीही उठू नये.

व्हाइट सिमेंटबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. आमचं जुनं सिंक व्हाइट सिमेंटनेच बसवलेलं होतं. भाताची उकळती पेज ओतली की पत्रा प्रसरण पावतो, गार पाणी सोडलं की आकसतो. सिमेंट ताठ असतं, त्याला हे सोसत नाही. काठावर केसाएवढी चीर गेली आणि तिच्यातून रोज थोडं थोडं पाणी झिरपून कपाटाचं प्लायवूड फुगलं. सिलिकॉन पत्र्याबरोबर ताणतं आणि आकसतं. फक्त त्यात दोन जाती आहेत आणि हे मी लेखात लिहिलं नव्हतं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्लाचं. संगमरवर किंवा कोटा म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड, त्याला ते खातं. इंदूरच्या जुन्या घरांत ओटे बहुतेक कोट्याचे, तिथे न्यूट्रल सिलिकॉनच घ्यावं. आणि लावल्यावर 24 तास पाणी लागू देऊ नये. आम्ही एक दिवस भांडी अंगणातल्या नळावर घासली.

स्प्रेच्या नळाचं उत्तर दाबात आहे. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलोचा दाब. तुम्ही ज्या उंच इमारती सांभाळल्यात तिथे टाकी दहा मजले वर असेल तर खालच्या नळाला 3 किलो सहज मिळतो. आमची टाकी नळापासून जेमतेम साडेतीन मीटर वर, म्हणजे दाब 0.35 किलो. ओढून काढायच्या नळांपैकी बऱ्याच नळांना अर्धा ते एक किलो तरी लागतो. त्याहून कमी दाबाला त्यांच्यातून धार नाही, लाळ गळते. शिवाय बोरिंगचं पाणी. पाण्याच्या कठीणतेसाठी भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सूट. काळ्या खडकातून येणारं बोरिंगचं पाणी आमच्या भागात भांड्यांवर पांढरे डाग सोडतंच. साध्या हंसमानेच्या नळाचा एरेटर, म्हणजे तोंडाशी असलेली बारीक जाळी, मी हाताने काढते, अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवते, धुऊन परत लावते.

राहिली मजुरी. हा मुद्दा तुम्ही मनापासून लिहिला आहे, म्हणून मीही मनापासून लिहिते. आमच्या नेहमीच्या भैयांनी तीन आठवडे "कल पक्का" सांगितलं. त्यांची चूक नव्हती, त्यांच्याकडे अख्ख्या इमारतीचं काम होतं, एका सिंकसाठी त्यांचा अर्धा दिवस मोडला असता. रामबागेतलं जीआयचं काम त्यांच्याशिवाय झालं नसतं आणि तेव्हा त्यांनी मागितले तेवढे पैसे बाबांनी एक शब्द न बोलता दिले.

पण लेख लिहिण्याचं खरं कारण वेगळंच होतं, ते मी तेव्हा लिहायला हवं होतं. आमच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. मेमधल्या एका दुपारी त्यांच्या सिंकखालचा कनेक्शन पाइप फुटला. मी पोचले तेव्हा त्या घोट्याएवढ्या पाण्यात बसून तपेल्याने बादली भरत होत्या आणि बादली उचलत नव्हती म्हणून रडत होत्या. त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर अँगल कॉक होता. मी तो दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवला आणि पाणी थांबलं. चाळीस वर्षं त्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या, पण खाली वाकून हे काय आहे ते त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. त्या दिवशी नर्मदेचा वार नव्हता. नर्मदेकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर, 500 मीटरहून जास्त चढ चढून येणारं पाणी, एक दिवसाआड मिळणारं, अख्खी टाकीभर जमिनीवर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आम्ही त्यांना आमच्याकडून पाणी दिलं.

आजींना सिंक बदलता यावं असं मी म्हणत नाही. तो कॉक महिन्यातून एकदा फिरवून मोकळा ठेवता यावा, आणि पाइप फुगलेला किंवा त्याची जाळी तुटलेली दिसली की वेळेत भैयांना बोलावता यावं. ते मला सिंकखाली आडवं पडून, हात घालून कळलं. नुसतं वाचून कळलं नसतं. म्हणून मी फोटो टाकले, आकार लिहिले आणि चुकाही लिहिल्या. तुम्ही दाखवलेलीही त्यांत धरली आहे.

आता माझं एक काम करा. रामबागेत त्याच जीआयच्या लाइनवर अजून दोन नळ आहेत, मोरीतला आणि मागच्या अंगणातला, आणि दोन्ही गळू लागले आहेत. तुम्ही असतात तर निपल काढण्याआधी रात्रभर तेल सोडून बघितलं असतंत, बाहेरून तापवलं असतंत, की सरळ ती लाइन बंद करून सीपीव्हीसी टाकायला सांगितलं असतंत? घर 60 वर्षांचं आहे, भिंती विटांच्या, मोरीच्या टाइल्स नंतर बसवलेल्या. सविस्तर लिहा, तुमच्याच शब्दांत तो भाग लेखात घालते.