गवती चहाचं नाव पुसू नका

भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, डिसेंबर २०२५मध्ये स्पष्ट केलं की कॅमेलिया सायनेन्सिस, म्हणजे चहाच्या झाडापासून केलेल्या पेयालाच पाकिटावर ‘चहा’ म्हणता येईल. हर्बल टी, फ्लॉवर टी, रॉइबॉस या दक्षिण आफ्रिकी झुडपाचा रॉइबॉस टी ही नावं दिशाभूल करणारी ठरतील. चहामळ्यांच्या बाजूनं स्वागत झालं, सुकी फुलं नि पानं विकणाऱ्यांना छापलेली पाकिटं बदलण्याची चिंता लागली, आणि मराठी घरांत सगळ्यात साधा प्रश्न निघाला: मग गवती चहाला काय म्हणायचं?

जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा वाद नवा वाटत नाही. इथल्या अन्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत नुसता ‘टे’ हा शब्द कॅमेलियासाठीच राखलेला आहे. बाकीच्यांना एक कोरडं वर्गनाव आहे, ‘चहासारखी उत्पादनं’. पण वनस्पतीचं किंवा प्रकाराचं नाव आधी जोडलं की तोच शब्द मोकळा होतो. पुदिन्याचा ‘फेफरमिन्त्सटे’, फळांचा ‘फ्रुख्टेटे’, ‘रॉइबॉसटे’ ही नावं राजरोस पाकिटांवर असतात आणि घेणाऱ्याचा गोंधळ होत नाही. भारतानं हाच रस्ता धरावा असं मला ठामपणे वाटतं. एकटा ‘चहा’ शब्द जपावा, जोडनाव राहू द्यावं. गवती चहात तर ‘चहा’ हा कुणी विक्रीसाठी चिकटवलेला शब्द नाही. ते त्या गवताचंच नाव आहे, परसात उभं असताना आणि आधणात पडण्याआधीही.

तरी एकटा शब्द जपायलाच हवा, कारण त्यावरून आत कॅफिन आणि टॅनिन हा तुरट घटक आहे हे कळतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारविषयक सूचनांमध्ये कॅफिनची रोजची मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली आहे. चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम धरलं आहे, आणि जेवणाआधी व नंतर एक तास चहा-कॉफी टाळा असं म्हटलं आहे, कारण टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. ‘आता चहाही सोडायचा का’ असा सूर तेव्हा उमटला होता. सोडायचा नाही, वेळ बदलायची. पोह्यांवर लिंबू पिळावं, कारण क जीवनसत्त्व लोहाला मदत करतं, आणि चहा तासाभरानं घ्यावा. मात्र पाकिटावर ‘चहा’ नाही म्हणून लोहाची काळजी मिटली, असं समजू नये. पुदिना आणि कॅमोमाइलच्या फुलांची पेयंही लोहाचं शोषण कमी करतात. पंडुरोग (ॲनिमिया) असलेल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, आणि एका शब्दावर बंदी घालून ते सांगितलं जात नाही.

जर्मन पाकिटावरून खरं तर दुसरीच गोष्ट उचलण्यासारखी आहे. वनस्पतींच्या चहाच्या खोक्यावर ठळक ओळ असते: खळखळ उकळतं पाणी ओता, किमान ५ मिनिटं ठेवा, तरच हे पेय सुरक्षित. याचं कारण सुकवण्यात आहे. काळा चहा कारखान्यात कडक गरम हवेत वाळतो. पुदिन्यासारख्या पानांचं सुगंधी तेल उडू नये म्हणून ती साधारण ४० अंशांवर सुकवतात, आणि त्या तापमानाला शेतातले जंतू मरत नाहीत. ते काम घरच्या उकळत्या पाण्याला करावं लागतं. ग्रीन टीचं नेमकं उलट. त्याला ८० अंशांचं पाणी आणि २ मिनिटं पुरतात, उकळतं ओतलं तर तो कडू-तुरट होतो. थर्मामीटर नसेल तर तीन वाट्या उकळत्या पाण्यात नळाचं एक वाटी साधं पाणी मिसळावं, जवळपास ८० अंश होतात. दोन्ही पाकिटांवर नुसतं ‘टी’ छापलं की माणूस ग्रीन टी उकळतो आणि वनस्पतींची पिशवी कोमट पाण्यात बुडवतो. ग्रीन टीला नावं ठेवणाऱ्या पुष्कळांनी तो नीट केलेला कधी चाखलेलाच नसतो.

स्वादाच्या चहात आणखी एक फरक झाकला जातो. चिनी मोगऱ्याच्या चहात संध्याकाळी मिटलेल्या कळ्या तयार ग्रीन टीत मिसळतात. रात्री कळ्या उमलतात, पानं वास ओढून घेतात, सकाळी फुलं काढून पानं पुन्हा वाळवतात. चांगल्या मालाला हे पाच-सहा वेळा करतात. म्हणून भारी मोगरा चहात पाकळ्या फारशा दिसत नाहीत. पाकळ्यांनी भरलेलं पाकीट दिसायला छान असतं, पण पाकळ्यांवरून सुगंध जोखू नये. अर्ल ग्रेचं तंत्र वेगळं, त्यात काळ्या पानांवर बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल चढवतात. युरोपीय संघात २००८च्या कायद्यानं ‘नैसर्गिक बर्गमोट स्वाद’ लिहायचं असेल तर त्या स्वादाचा किमान ९५ टक्के भाग बर्गमोटचाच लागतो. नुसतं ‘स्वाद’ लिहिलं असेल तर तो प्रयोगशाळेतलाही असू शकतो. आपल्याकडच्या ‘केसर-इलायची’ पुडीवर एवढा एक फरक ठळक छापला तरी ग्राहकाचं जास्त भलं होईल.

चव जोखायची असेल तर घरी करता येण्यासारखी पद्धत आहे. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, झाकणाचं पांढरं चिनीमातीचं भांडं आणि ६ मिनिटं असं प्रमाण दिलं आहे. हा चांगल्या चहाचा नुस्खा नाही. दोन चहा एकाच मापानं तोलावेत आणि दोष लपू नयेत, म्हणून तो इतका कडक. चार-पाच चहा एकाच पाण्यात, कोरे, साखरेविना करावेत. क्रम हलक्याकडून जडाकडे: ग्रीन, मोगरा, दार्जिलिंगचा वसंती तोडा (वसंतातली पहिली खुडणी), आसाम, आणि अर्ल ग्रे सगळ्यात शेवटी, कारण बर्गमोट जिभेवर बसलं की पुढचं काही कळत नाही. चमच्यातून सुर्र आवाज करून ओढावा, हवेबरोबर वास घशामागून नाकात जातो. मग कप कोमट झाल्यावर पुन्हा एकदा चाखावा. गरम असताना उग्र सुगंधाखाली दडलेला निकृष्ट चहा तेव्हा उघडा पडतो.

दूध घातलेल्या चहाला ‘खरा चहा नव्हे’ म्हणणारे रसिक मला पटत नाहीत. त्यांनी एकदा जर्मनीच्या वायव्य टोकाला, ऑस्टफ्रीसलँडला जावं. तिथं माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितात, आणि तो मुख्यतः आसामचाच. कपात आधी ‘क्लुंटजे’, म्हणजे खडीसाखरेचा खडा. त्यावर कडक चहा ओतला की खडा तडकल्याचा आवाज येतो. मग छोट्या पळीनं कपाच्या कडेनं साय सोडायची, ती ढगासारखी वर येते. ढवळायचं अजिबात नाही. पहिला घोट सायीचा, मधला कडवट, शेवटचा गोड. तीन कप घेणं रिवाजाचं, आणि पुरे झालं हे सांगायला चमचा कपात ठेवायचा. २०१६मध्ये ही पद्धत जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. ‘अस्सल ऑस्टफ्रीसनटे’ हे नाव तिथंच मिसळलेल्या चहाला मिळतं, जरी त्यातलं एकही पान तिथं उगवत नाही. पुण्याच्या अमृततुल्याकडे मानाची अशी कुठलीच नोंद नाही, याची खंत वाटते. तीही एक पद्धतच आहे: पितळी पातेलं, आधणात साखर, ठेचलेलं आलं नि वेलची, मग पूड, मग दूध, आणि फडक्यातून गाळणं.

परदेशात तोच चहा नासतो, तेव्हा दोष बहुधा क्रमाचा असतो. आल्यात प्रथिनं तोडणारं झिंजिबेन हे विकर (एन्झाइम) असतं. कच्चं आलं कोमट दुधात पडलं की दूध फाटतं. आलं आधी पाण्यात ३ मिनिटं खळखळ उकळलं की विकर निकामी होतं. गूळ आच बंद केल्यावर घालावा, कारण उकळत्या दुधाला त्यातला आंबटपणा सोसत नाही. दूध ‘फ्रिशमिल्श’, म्हणजे ताजं दूध, लिहिलेलं, ३.५ टक्के स्निग्धांशाचं घ्यावं. फ्रीजबाहेर महिनोनमहिने टिकणाऱ्या ‘हा-मिल्श’ला आधीच आटल्यासारखा वास असतो आणि तो वेलची खाऊन टाकतो. चहावर चकाकती तवंग येत असेल तर पाण्याचा जडपणा बघावा. तो इथं जर्मन अंशांत मोजतात, १४च्या वर गेला की पाणी जड. त्यातलं कॅल्शियम चहातल्या घटकांशी मिळून ती साय धरतं, रंग मळतो आणि दार्जिलिंगची बारीक चव हरवते. म्युनिकसारख्या जड पाण्याच्या शहरात पाणी जडपणा कमी करणाऱ्या फिल्टरच्या भांड्यातून काढूनच किटलीत घ्यावं. मसाला चहाला मात्र एवढा फरक पडत नाही.

नावाचं म्हणाल तर आपल्या भाषेत आधीच बारकावे आहेत. आयुर्वेदात उकळून आटवलेला तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. गरम पाण्यात भिजवून गाळलेला तो फांट. थंड पाण्यात रात्रभर ठेवलेला तो हिम. ‘हर्बल टी’ खोडायचं असेल तर ‘हर्बल इन्फ्युजन’ असं दुसरं इंग्रजी छापण्यापेक्षा ‘जास्वंदीचा फांट’ लिहावं. नावातच कृती कळते.

आणि गवती चहा आहे तसाच राहावा. जर्मनीतल्या आशियाई दुकानांत त्याचे पांढरे दांडेच मिळतात, पाती कापून टाकलेली असते, आणि आपल्याला हवी असते पातीच. दांडाच वापरायचा तर बुडाकडचा बोटभर भाग खलबत्त्यात ठेचून घ्यावा. मुळाशी थोडं गड्ड असलेला दांडा पाण्यात उभा ठेवला की दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात, मग तो कुंडीत लावावा. कपामागे दोन-तीन पाती, गाठ मारून, दूध घालण्याआधी पाण्यात आणि झाकण ठेवून ४-५ मिनिटं. झाकण विसरलात तर सिट्रल हे त्याचं सुगंधी द्रव्य वाफेबरोबर उडून जातं, स्वयंपाकघर घमघमतं आणि कप फिका राहतो. ऑक्टोबरात रात्री १० अंशांखाली जायला लागल्या की कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीशी आणावी. एका कडक दंवात गवत मुळासकट जातं.