एकट्या शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) मादीच्या अंड्यांविषयी खुलासा

‘नराशी मीलन न झालेली शॅमेलिऑन मादी अंडी घालत नाही, म्हणून तिच्या पिंजऱ्यात माती भरलेले भांडे नको’ हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. मूळच्या येमेन व सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑन या जातीची मादी नराविनाही अफलित अंडी धरते, हे सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांना चांगले परिचित असून ती अंडी एक्स-रेमध्ये दिसतातही. अंडी घालण्यासाठी खणायला ओलसर वाळू-माती, तीही साधारण 30 सेंटिमीटर खोल, मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून मादी दगावू शकते. ती अन्न कमी करून तळाशी फिरू लागली, की भांडे लगेच ठेवावे आणि खणताना डोकावू नये (उत्सुकता आवरणे कठीण, हे मान्य). डोळे मिटून निपचित पडलेल्या मादीला मात्र तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.