कप्पी सोड आत्या, आणि तो मेसेज पुढे पाठवू नकोस

गेल्या रविवारी तासगावला आत्याकडे गेले, तर माजघरातला झोपाळा काढून भिंतीला टेकवून ठेवलेला. झोपाळ्याच्या कडीला विहिरीवरची जुनी कप्पी, तिच्यावरून नायलॉनची दोरी, आणि दोरीच्या एका टोकाला मामांचा उजवा हात जुन्या साडीच्या पट्टीने बांधलेला. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. डाव्या हाताने ते दुसरं टोक खाली ओढत होते, लुळा हात डोक्यावर जात होता, आणि दर खेपेला त्यांचा चेहरा आवळला जात होता. आत्या शेजारी बसून मोजत होती. एकसष्ट, बासष्ट. शंभर पुरे करायचे होते.

मामांना आठ महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं अजून अडखळतं, त्यामुळे दुखतंय हे त्यांनी तोंडाने सांगितलंच नव्हतं. मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे, हेच काम रोज करते. तरी मला एक फोन न करता घरात कप्पी टांगली गेली, कारण भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. तोच मेसेज नंतर मला माझ्या दोन पेशंटच्या घरून आला, आणि शेवटी माझ्या शाळेच्या ग्रुपवरही. म्हणून लिहायला बसले.

मेसेजचं नाव 'पॅरालिसिसच्या नावाखाली लूट'. त्यात म्हटलंय ते असं: फिजिओवाले डिग्रीनंतरही सारखे कोर्स करतात ते फक्त फी वाढवायला. माणसाचं शरीर हजारो वर्षं तेच आहे, मग नवीन शिकण्यासारखं काय असतं? हातपाय कुणीही हलवू शकतं. घरी कप्पी बांधा आणि चांगल्या हाताने लुळा हात रोज शंभर वेळा वर ओढा. रबरी बॉल दाबा. लकवा, कंपवात, जीबीएस (नसा बिघडून हातपायांची ताकद जाते तो आजार), सगळ्याला एकच तेल आणि एकच मालिश. आणि सहा महिन्यांत जे परत आलं ते आलं, पुढे थेरपीवर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात.

आधी कप्पी. यातलं सगळ्यात घातक तेच आहे, आणि लोक तेच आधी करतात.

आपण हात डोक्यावर नेतो तेव्हा फक्त दंड वर जात नाही. पाठीवरचं खांद्याचं चपटं हाड सोबत फिरतं आणि दंडाचं हाड स्वतःभोवती बाहेरच्या बाजूला वळतं, तेव्हा कुठे वरच्या हाडाखालून त्याला वाट मिळते. लकव्यात हे फिरवणारे स्नायूच झोपलेले असतात. अशा हाताला दोरीने वर खेचलं की दंडाचं हाड न वळता सरळ वर जाऊन आदळतं, आणि मधल्या नाजूक पेशी आणि स्नायूंचे दोर दोन हाडांमध्ये चिरडले जातात. त्यात पुष्कळ पेशंटचा खांदा आधीच खाली उतरलेला असतो. मामांच्या खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर एक बोट सहज आत बसतं, एवढी फट आहे. तो हात रोज शंभर वेळा वर ओढला जात होता. तीन आठवडे.

हे माझं मत नाही. अमेरिकेत १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लकव्याच्या पेशंटचे तीन गट केले होते. एका गटाचा हात थेरपिस्ट स्वतः हलवत, दुसऱ्या गटाचा हात चाकाच्या फळीवर ठेवून टेबलावर सरकवला जाई, तिसऱ्याला डोक्यावरची कप्पी. पहिल्या गटात खांदेदुखी सुरू झाली ८ टक्के लोकांना, दुसऱ्यात १२ टक्के, आणि कप्पीच्या गटात ६२ टक्के. पेशंट सगळे मिळून २८च होते, अभ्यास लहान आहे. पण फरक एवढा मोठा आहे की, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत डोक्यावरच्या कप्पीचा व्यायाम देऊ नये असं सरळ म्हटलंय. आणि खांदा एकदा दुखायला लागला की पेशंट तो हात अंगाशी धरून बसतो. सदऱ्याची बाही घालू देत नाही, रात्री त्या कुशीवर झोपू शकत नाही. मग हाताचा बाकीचा व्यायामही बंद. एका दोरीपायी महिने जातात.

आता मला विचारा, हे मला कॉलेजात शिकवलं होतं का? नाही. साडेचार वर्षांच्या डिग्रीत कप्पी मी व्यायामाचं एक साधन म्हणून शिकले. आमच्या कॉलेजच्या व्यायाम विभागात ती टांगलेलीही होती. ती लकव्याच्या खांद्याला चालत नाही हे नोकरीला लागल्यावर एका कार्यशाळेत कळलं. मेसेज ज्याला लूट म्हणतो ते हेच 'पुढचं शिक्षण'.

शरीर तेच आहे मग नवीन काय शिकायचं, या मुद्द्यावर एकच गोष्ट सांगते. ती माझ्या हातून घडलेली आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही सगळे एकच मानायचो. लकव्याच्या पेशंटला जितक्या लवकर आणि जितका जास्त वेळ अंथरुणातून उठवाल तितकं बरं. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात, हे खरंच आहे. म्हणून मी पहिल्याच दिवशी पेशंटला उठवून खुर्चीत बसवायची, दोघांना धरायला लावून उभं करायची, आणि नातेवाईक टाळ्या वाजवायचे. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ॲव्हर्ट नावाची चाचणी छापून आली. पाच देशांतली ५६ रुग्णालयं, २,१०४ पेशंट. ती चालवणाऱ्या ज्युली बर्नहार्ट स्वतः ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट. निम्म्या पेशंटना नेहमीची काळजी, निम्म्यांना पहिल्या २४ तासांतच, वारंवार आणि जास्त वेळ अंथरुणाबाहेर काढायचं. तीन महिन्यांनी पाहिलं, तर स्वतःच्या पायावर उभे राहिलेले, स्वतःचं स्वतः करू शकणारे पेशंट नेहमीच्या काळजीत ५० टक्के होते आणि जास्त उठवलेल्यांत ४६ टक्के. जास्त उठवून फायदा व्हायच्याऐवजी तोटा झाला होता.

त्याच आकड्यांचा पुढे आणखी बारकाईने हिशेब झाला, तेव्हा दिसलं की थोडा थोडा वेळ पण जास्त वेळा उठवणं बरं पडतं, एकेका वेळेला ताणून धरणं नाही. म्हणजे 'पेशंटला हलवूच नका' असाही याचा अर्थ नाही.

मला हे २०१६ मध्ये कळलं. शनिवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले होते, दोन दिवसांची कार्यशाळा होती. फी माझ्या खिशातली, रजा बिनपगारी. तो तक्ता पडद्यावर आला आणि मला माझे पेशंट आठवले, नावानिशी. सोमवारी वॉर्डात गेल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे पहिल्या दिवसाच्या पेशंटचं वेळापत्रक बदललं. शरीर तेच होतं, पेशंटही तसेच होते. मी त्यांना जे करत होते ते चुकीचं होतं, आणि त्या दोन दिवसांशिवाय मी ते पुढेही करत राहिले असते. याला फी वाढवायचा धंदा म्हणणाऱ्याने एकदा तरी स्ट्रोकच्या वॉर्डात उभं राहून बघावं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे, आणि ती मान्य करणं भाग आहे. सर्टिफिकेटांचा बाजार आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये दीडशे जण बसवायचे, प्रत्यक्ष हात लावायला अर्धा तास, दुसऱ्या दिवशी दुपारी सर्टिफिकेट आणि बाहेर टेप-मशीन विक्रीचे स्टॉल. असे कोर्स मी पाहिलेत, एक-दोन केलेही आहेत. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांच्या परिषदेचे, कोर्सला हजर राहिल्यावर मिळणारे क्रेडिट पॉइंट असतात, आणि काहीजण फक्त त्या पॉइंटांसाठी येऊन सही करून जातात. विशिष्ट नावाच्या पद्धती, बोबाथ म्हणा, पीएनएफ म्हणा, यांचे महागडे टप्प्याटप्प्याचे कोर्स असतात. जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात ९६ अभ्यास आणि दहा हजारांवर पेशंट तपासले गेले. व्यायामोपचाराने फायदा होतो हे त्यात निघालं, पण कुठलीही एक नावाजलेली पद्धत बाकीच्यांहून सरस ठरली नाही. तेव्हा 'माझ्याकडे अमक्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे' म्हणून कुणी दुप्पट फी सांगत असेल तर जरूर हटकावं.

पण हे कळलं कसं? कुणीतरी ते अभ्यास केले, आणि कुणीतरी आम्हाला बसवून ते समजावले म्हणून. त्यावरून 'शिकूच नका' कसं निघतं? भिंतीवरची सर्टिफिकेटं मोजू नका. थेरपिस्ट तुमच्या माणसाचं मोजमाप घेतो का ते बघा. दहा मीटर चालायला किती सेकंद लागले, तोल सांभाळण्याच्या बर्ग चाचणीत ५६ पैकी किती गुण पडले, महिन्यापूर्वी किती होते. वहीत हे लिहिलेलं नसेल तर का नाही, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

सहा महिन्यांचं म्हणाल, तर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, एवढं त्यातलं खरं. पुढे दार बंद होतं हे खोटं. २०११ मध्ये अमेरिकेत लीप्स नावाची चाचणी झाली, ४०८ पेशंट. काहींना दोन महिन्यांनी ट्रेडमिलवर पट्ट्याचा आधार देऊन चालवलं, काहींना तेच सहा महिन्यांनी, आणि काहींना थेरपिस्टने घरी येऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेर तिन्ही गट सारखेच सुधारले होते, निम्म्याहून थोडे जास्त पेशंट चालण्यात वरच्या टप्प्यावर गेले. उशिरा सुरू केलेलेही. आणि घरचा व्यायाम त्या यंत्राच्या तोडीचा ठरला. आमच्या तालुक्यांच्या गावांत हे मी प्रत्येक घरी सांगते, कारण यंत्र नाही म्हणून हात टेकलेली माणसं मला रोज भेटतात.

बॉल दाबणं: ज्याची बोटं आधीच आत वळून घट्ट बसलीत त्याला मूठ उघडायला शिकायचंय, आवळायला नाही. तेल लावायला माझी हरकत नाही, बरं वाटतं, पण तेलाने मेंदूकडून हाताकडे निरोप जात नाही.

आणि सगळ्यांना एकच उपाय? २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेडगाव भागात जीबीएसचे पेशंट एकामागून एक दाखल झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी परत पुस्तकं उघडली. एरवी वर्षाकाठी एखाद-दुसरा पेशंट दिसणारा आजार. लकव्याच्या पेशंटकडून आपण एकेक हालचाल शेकड्याने करून घेतो. जीबीएसमध्ये नस नुकती सावरत असते, तिथे स्नायू दमवले तर उलट ताकद घटू शकते. व्यायाम थोडा, विश्रांती जास्त, आणि दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा कमजोरी वाटली तर मागे यायचं. लकव्याचा कित्ता तिथे गिरवला असता तर माणसं मागे गेली असती.

आत्या, तुझ्यावर माझा राग नाही. आठ महिने तू त्यांना उठवतेस, बसवतेस, भरवतेस; कुणी म्हटलं दोरीने हात येईल, तर तू दोरी बांधणारच. राग आहे तो न बघता लिहिणाऱ्यावर. आता एवढं कर. मामांना जेवणाच्या टेबलाशी बसव, दोन्ही तळहात घडी केलेल्या टॉवेलवर ठेव, उजव्यावर डावा. डाव्याने उजव्याला हळू पुढे सरकवायचं, जेवढं दुखत नाही तेवढंच, दहा वेळा, मग थांबायचं. त्यांच्या तोंडाकडे बघत राहा, ते सांगणार नाहीत. उठवताना कुणीही तो हात धरून ओढायचा नाही, सुनेलाही सांग. ग्रुपवर माझं हे लिहिलेलं टाक. रविवारी मी येतेच. तोवर कप्पी खाली उतरव आणि झोपाळा परत लाव.